उतरून बघणाऱ्या काकू

पार्सिपनीतल्या आमच्या रस्त्यावर त्या एका वर्षात जितके खांबावरचे मेलबॉक्स आडवे झाले तितके उरलेल्या न्यू जर्सीत वादळांनीही पाडले नसतील. सगळे एकाच बाईनं पाडले. आणि सगळे तिच्याच घरासमोरचे, तिचे स्वतःचे. दुसऱ्याच्या वस्तूला धक्का लावणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं.

ही बाई म्हणजे माझी घरमालकीण. मी तिच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत होते. वय सदुसष्ट, उंची जेमतेम पाच फूट, पायात बारा महिने पांढरे बूट, सलवार-कमीजवर गेलेल्या काकांचं ढगळ जॅकेट, आणि ड्राइव्हवेत, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतच्या गाडीवाटेत, तीस फुटी ट्रेलर. (काकू म्हणायच्या चोवीस फुटी. पण मी त्याच्या शेजारून रोज चालत जायचे, मला माहिती आहे.) ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, शेगडी, न्हाणी, सगळं असतं. फक्त इंजिन नसतं. पुढे पिकअप ट्रक जोडायचा आणि ओढत न्यायचं. काकूंना चार बेडरूमचं घर विकून या डब्यात राहायला जायचं होतं. सुट्टीपुरतं नव्हे हां. कायमचं.

महाराष्ट्र मंडळातल्या बायका डोळ्यांत पाणी आणून विचारायच्या, "काकांचं स्वप्न पूर्ण करताय ना?"

"छे!" काकू म्हणायच्या. "त्यांना जवळच्या एडिसनच्या पुढे गेलं की गाडी लागायची. त्यांचं स्वप्न दुपारची झोप. ते त्यांनी रोज पूर्ण केलं. हे स्वप्न माझं आहे."

आता अडचण सांगते. अडचण राहायची पार पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला. ती म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. गुणी मुलगा, मोठ्या ऑफिसात मोठ्या पदावर, आणि आईच्या काळजीनं कायम अर्धमेला. त्यानं तिकडे घर घेतलं तेव्हाच त्यात 'आईची रूम' काढून ठेवली होती. खिडकीतून डोंगर दिसायचा, बाथरूम स्वतंत्र होतं, आणि बाथरूममध्ये उठता-बसता धरायला स्टीलचा दांडा होता.

"तो दांडा बघितला आणि माझे गुडघे दुखायला लागले," काकू सांगायच्या. "त्याआधी मला गुडघे आहेत हेच माहीत नव्हतं."

एके रविवारी मी वर चहाला गेले होते, तेव्हा मायलेकांचं स्पीकरवर जुंपलं. लहानपणापासून त्याची रीत अशी, की आईनं मराठीत विचारायचं आणि त्यानं इंग्रजीत उत्तर द्यायचं.

"आई, यू कान्ट इव्हन रिव्हर्स इट!"

"येईल."

"व्हेन?"

"टेस्टिंग चालू आहे."

"कॅम्पग्राउंडवर कोण हेल्प करणार? एकटी काय करणार तू?" काळजी फार झाली की त्याच्या तोंडून मराठी गळायचं.

काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. "ऐक. घर विकून ताबा द्यायच्या आधी तू इकडे ये. रस्त्यावरून ड्राइव्हवेत, एकटीनं, कुणाची मदत न घेता, मेलबॉक्सला धक्का न लावता ट्रेलर रिव्हर्स करून दाखवते. जमलं तर तू पुन्हा रूमचं नाव काढायचं नाहीस. नाही जमलं तर ट्रेलर विकते आणि येते तुझ्याकडे, तो दांडा धरून बसायला."

पलीकडून, "प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "काकू, हे काय करून बसलात! नाही जमलं तर?"

"अगं, मी टेस्टर आहे," त्या म्हणाल्या. "'माझं मीच तपासलंय, सगळं बरोबर आहे' असं म्हणणाऱ्यांना मी आयुष्यभर परत पाठवलंय. तपासायला बाहेरचा माणूस लागतो."

हे मात्र शब्दशः खरं. काकू मिरजेच्या. लग्न होऊन इकडे आल्या, शिकल्या, आणि तीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. डेव्हलपरनं लिहिलेला प्रोग्रॅम मोडून दाखवायचा, हा धंदा. त्यांच्या हाताखालून गेलेल्या डेव्हलपरांपैकी दोघांनी नोकरी सोडून हॉटेल काढलं आणि एक डोंगरात जाऊन बसला, असं ऐकिवात आहे. मी स्वतः डेव्हलपर. म्हणजे सशानं वाघिणीच्या गुहेत भाड्यानं खोली घेतली होती.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला कपडे धुण्याच्या खोलीची चुकीची चावी दिली. मला वाटलं, कुलूप बिघडलंय. नवीन जागा आहे, उगाच कशाला तक्रार करा. मी गप्प. मग एक दिवस काकू जिन्यात आडव्या आल्या. "चावी चुकीची आहे हे किती दिवसांनी सांगतेस ते बघत होते. तू नुसता परफ्यूम मारत राहिलीस. डेव्हलपर ना! चाललंय तोवर चालू दे." आणि खरी चावी हातात ठेवली.

अशी बाई रस्त्यावर राहायला जाणार, ती काय सामान भरून निघून जाईल? त्यांनी आधी त्या जगण्याची तालीम सुरू केली. ती कुठे? तर स्वतःच्याच ड्राइव्हवेत.

एका सोमवारी सकाळी दारावरची बेल वाजली. मी वर जाऊन उघडलं, तर काकू स्वतःच्या घराच्या दारात पाव्हण्यासारख्या उभ्या.

"नमस्कार. मी शेजारच्या ट्रेलरमध्ये राहते. कढीपत्ता मिळेल का थोडा?"

"काकू, तुमच्याच फ्रिजमध्ये आहे."

"माझं घर इथे नाही. मी आज नेब्रास्कात आहे. आहे का कढीपत्ता?"

मी दिला. त्यांनी आभार मानले आणि चार पावलांवरच्या नेब्रास्कात परतल्या.

त्या दिवसापासून ठरलेलं. काकू वाटेल तेव्हा राज्य बदलायच्या. वायोमिंगमध्ये असल्या की फोन उचलायच्या नाहीत, कारण तिथे सिग्नल नसतो. ॲरिझोनात असल्या की पाण्याची टंचाई. भांडी वाटीभर पाण्यात घासायच्या. एकदा त्यांनी स्वतःच ट्रेलरची वीज तोडली आणि माझ्याकडे चहा मागायलाही आल्या नाहीत. "डकोटात बर्फाचं वादळ आलंय, बाहेर पडता येत नाही," असं खिडकीतून ओरडून सांगितलं. बाहेर लख्ख ऊन पडलेलं. समोरच्या घरातले म्हातारे साहेब हिरवळ कापता कापता थांबले आणि आकाशाकडे बघून आत निघून गेले. धोका कशाला पत्करा!

आणि देव! देवघराचं तोंड पूर्वेला पाहिजे, हा मिरजेचा नियम. पण ट्रेलर आज इकडे तोंड करून उभा, उद्या तिकडे. काकूंनी जेवणाच्या टेबलावर ठेवतात ती गोल फिरती थाळी आणली आणि देव्हारा तिच्यावर स्क्रूनं पक्का केला. शेजारी होकायंत्र. मुक्कामाला थांबलं की आधी चाकांना ठोकळे लावायचे, मग देव फिरवायचे, मग चहा. जगात इतरत्र भक्त देवाला प्रदक्षिणा घालतात. काकूंच्याकडे देवच उठून बसण्याची जागा बदलायचे, आणि तेही कुरकुर न करता, कारण थाळीला तेल घातलेलं असायचं.

पण आंबोळ्यांचा प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पार्सिपनीची फायर ब्रिगेड आजही तो विसरलेली नाही.

मार्च महिना होता. थंडीत पीठ आंबेना. काकूंनी पातेलं ट्रेलरमध्ये खाली जमिनीलगत ठेवलं, जिथून हीटरची गरम हवा येते तिथे. रविवारी सकाळी मला 'प्रवासातल्या पहिल्या नाश्त्याचं' आमंत्रण. मी पायरीवर पाय ठेवते न ठेवते तोच आतून असा कर्कश भोंगा वाजायला लागला की माझ्या हातातला चटणीचा डबा उडाला. गॅसगळतीचा अलार्म! स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून ते यंत्र जमिनीलगत बसवलेलं असतं. गॅस कोंडला तर अख्खा ट्रेलर उडू शकतो.

मी किंचाळले. काकू किंचाळल्या नाहीत. त्यांनी मला हाताला धरून खाली ओढलं, बाहेरून सिलिंडरचा कॉक बंद केला, मला रस्त्याच्या पलीकडे नेऊन उभं केलं आणि मग फोन लावला. दोन बंब आले. (मी ऑफिसात सांगते तेव्हा पाच येतात.) हातात मीटर घेतलेले धिप्पाड जवान आत शिरले. सगळी आळी गाऊनवर बाहेर. पाच मिनिटांनी त्यांच्यातला सगळ्यात धिप्पाड बाहेर आला. दोन्ही हातांत काकूंचं पातेलं, अंगापासून लांब धरलेलं. पीठ असं फुगलं होतं की त्यानं झाकण वर उचलून धरलेलं.

"मॅम, हे काय आहे?"

"ब्रेकफास्ट," काकू म्हणाल्या.

गॅस कुठेच गळत नव्हता. आंबणाऱ्या पिठाच्या वाफा थेट शेजारच्या यंत्राच्या नाकात जात होत्या. दुसरी कुणी असती तर लाजेनं जमिनीत गेली असती. काकूंचा चेहरा असा उजळला की जणू लॉटरी लागली. माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाल्या, "अगं, यंत्र चालतं! मी गेले दोन महिने ते खरंच चालतं का हे तपासायचा मार्ग शोधत होते!"

मग त्यांनी बंबावरच्या सगळ्यांना आंबोळ्या खायला घातल्या. त्या धिप्पाडानं किती खाल्ल्या ते मी सांगणार नाही, कारण तुमचा विश्वास बसणार नाही. पुढे कितीतरी रविवारी तो 'सुरक्षेच्या दृष्टीनं' नाश्त्याच्या वेळीच तपासणीला यायचा.

तालीम अशी रंगात आली, पण ट्रेलर हा शेवटी ओढायचा प्रकार. पहिल्यांदा आम्ही तो हायवेवर काढला तेव्हा मी काकूंच्या शेजारी बसले होते. वेग वाढला तसा मागे ट्रेलर डोलायला लागला. एखादा माणूस 'नाही, नाही, मी येत नाही' म्हणून मान हलवतो, तसा. आरशात तो कधी डावीकडून डोकावायचा, कधी उजवीकडून. मला अर्धीच रामरक्षा येते, ती मी चौदा वेळा म्हटली असेल. काकूंनी ब्रेकला पाय लावला नाही. नुसता वेग सोडत सोडत, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, गाडी कडेला घेतली.

खाली उतरून त्यांनी जॅकेटच्या खिशातून आमटीची पळी काढली आणि एकेक टायर वाजवून ऐकला. टण. टण. टण. "टायर सुरात आहेत," त्या म्हणाल्या. मिरजेत तंबोरे बनतात. तिथल्या माणसाला लाकडापासून रबरापर्यंत सगळं वाजवून बघायची खोड असते. मग मागचं दार उघडलं. स्वयंपाकघर ट्रेलरच्या पार शेपटाला, आणि त्यात काकूंनी काय भरलं होतं? वर्षाचे तांदूळ. लोणच्यांच्या चिनीमातीच्या बरण्या. बिडाचे तवे. दगडी खल. आणि सगळ्यांच्या खाली, थोरल्या बहिणीच्या तोऱ्यात बसलेला, सासूबाईंचा पाटा-वरवंटा.

"उलाळ झालीय गाडी," काकू कपाळावर हात मारून म्हणाल्या. "बैलगाडीत मागे पोती जास्त झाली की जू वर उचललं जातं ना, तसं. लहानपणी वडील रोज ओरडायचे, वजन पुढे घ्या. इथे येऊन अक्कल गहाण टाकली बघ."

"काकू, पाटा ठेवून द्या घरी. मिक्सर आहे की."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मिक्सर हा शब्द पुन्हा उच्चारला नाही. आम्ही दोघींनी तो पाटा हायवेच्या कडेला पुढच्या टोकाला नेला, पलंगाखाली. माझी कंबर अजून पावसाळ्यात आठवण काढते. परतताना ट्रेलर पाळीव गाईसारखा मागून आला. त्या दिवसापासून काकू रोज पाट्यावर झोपतात, आणि अख्ख्या अमेरिकेत गाडीचा तोल सांभाळणारा पाटा तो एकच.

राहता राहिलं रिव्हर्स.

ट्रेलर मागे घेणं म्हणजे काय ते ज्यानं केलं नाही त्याला कळणार नाही. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो. "अगदी आमच्या चिरंजीवांसारखं," काकू म्हणायच्या. त्यात आमचा ड्राइव्हवे चढाचा, वाकडा, आणि तोंडाशी मेलबॉक्स.

काका होते तोवर गाडी मागे घ्यायची एक ठरलेली पद्धत होती. आपल्याकडे सगळीकडेच असते. काका मफलर गुंडाळून गाडीच्या मागे पाय फाकून उभे राहायचे आणि हातानं पंखा करत म्हणायचे, "येऊ दे... येऊ दे... येऊ दे... बास!" आणि डिकीवर थाप. तीस वर्षं काकूंनी गाडी त्या आवाजावर मागे घेतली. आता आवाज नव्हता. मी म्हटलं, मी उभी राहते. पहिल्याच दिवशी मी 'येऊ दे, येऊ दे' म्हणत राहिले आणि मेलबॉक्स गेला. दुसऱ्या दिवशी नवा बसवला. 'येऊ दे, येऊ दे' केलं, तोही गेला.

काकू खाली उतरल्या. आडव्या मेलबॉक्सकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुझ्या 'येऊ दे'त आत्मविश्वास जास्त आणि माहिती कमी आहे. उद्यापासून तू घरात बस."

पुढचे मेलबॉक्स त्यांनी एकटीनं पाडले. दुकानातला माणूस त्यांना बघताच आतून नवा खांब आणायचा. मी रोज खिडकीतून बघायचे आणि मनात बेलव्ह्यूचा तो दांडा चकाकायचा. ताब्याची तारीख जवळ येत होती. मुलाचा फोन आला की काकू म्हणायच्या, "प्रगती आहे." प्रगती एवढीच, की मेलबॉक्स आता डावीकडे पडायच्या ऐवजी उजवीकडे पडत होता.

मग एक दिवस मी ऑफिसातून आले तर मेलबॉक्स उभा. दुसऱ्या दिवशीही उभा. मी धावत वर गेले. "काकू, काय केलंत?"

"काही नाही. उतरून बघते."

"म्हणजे?"

"शंका आली की थांबते. उतरते. मागे जाऊन बघते. परत चढते. थोडं मागे घेते. परत शंका, परत उतरते." त्यांनी भाजी निवडता निवडता मान वर केली. "माणसं गाडी का ठोकतात माहितेय? उतरायची लाज वाटते. मागचा हॉर्न मारेल, समोरचा हसेल. चार पावलं चालायचं वाचवतात आणि दार चेपून घेतात."

मग भाजीकडेच बघत म्हणाल्या, "बेलव्ह्यूची रूमही मी उतरून बघितलीय बरं का. दोन महिने राहिले होते. सुंदर आहे. सून प्रेमळ आहे. सकाळी उठलं की डोंगर दिसतो, दुपारी तोच दिसतो, संध्याकाळीही तोच. मला त्याच्या पलीकडे काय आहे ते बघायचंय."

त्यानंतर मी त्यांना कधी विचारलं नाही की नाही जमलं तर काय.

परीक्षेचा दिवस उजाडला. ऑक्टोबर, रस्ताभर मेपलची पिवळी पानं. मुलगा नेवार्क विमानतळावर उतरून सकाळीच आला होता, कॉफीचा ग्लास हातात, चेहरा ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या माणसाचा. खिशात परतीची दोन तिकिटं. एक त्याचं, एक आईचं. तो निर्दय नव्हता हो. त्याची एवढीच इच्छा होती की आई दिसेल अशा अंतरावर असावी. वडील गेले तेव्हा तो विमानात होता.

काकू बाहेर आल्या. गळ्यात जुन्या ऑफिसचा बॅज. "टेस्टच्या दिवशी बॅज लागतो," म्हणाल्या आणि ट्रकमध्ये चढल्या. शिडीवर चढल्यासारखं त्यांना चढावं लागायचं.

त्या पुढे गेल्या, चौकातून वळून आल्या आणि ड्राइव्हवेच्या पुढे जाऊन थांबल्या. आता मागे. ट्रेलरचं शेपूट वळायला लागलं. जरा जास्त वळलं. काकू थांबल्या, दार उघडलं, उतरल्या, मागे चालत गेल्या, पायानं पानं बाजूला करून ड्राइव्हवेची कड बघितली, परत चढल्या.

"इज दॅट अलाउड?" मुलानं मला विचारलं.

"कुणाची मदत घ्यायची नाही असं ठरलंय. स्वतःची मदत चालते."

आणि नेमकी त्याच वेळी पिवळी स्कूलबस आली. ट्रेलर रस्त्यात आडवा, बसला पुढे जाता येईना. खिडक्याखिडक्यांतून पोरांची डोकी. बसच्या मागे एक गाडी, तिच्या मागे दुसरी, आणि थोड्याच वेळात, मी सांगते तुम्हाला, थेट हायवेपर्यंत रांग लागली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मागच्यानं दिला. मुलगा पुटपुटला, "ओ गॉड. आई, जस्ट गो..."

काकू उतरल्या. हॉर्नच्या त्या गदारोळात, दिवाणखान्यात फिरावं तशा, मागे चालत आल्या. बसच्या ड्रायव्हरला हात केला. मेलबॉक्स आणि ट्रेलर यांच्या मधे पंजा पसरून बघितला. वीतभर जागा होती. तिकडे तीस वर्षं भल्याभल्यांचं काम नापास करणारी बाई, इकडे वीतभर हवा, आणि मधे तिचं उरलेलं सगळं आयुष्य. काकू परत चढल्या. ट्रेलर बोटबोटभर मागे सरकायला लागला. मेलबॉक्स त्याच्या पोटाजवळून गेला... गेला... आणि पलीकडे उभाच्या उभा निघाला. बसमधल्या पोरांनी असा आरडाओरडा केला की मेपलची उरलेली पानं गळून पडली.

अजून चढ बाकी होता. एवढ्यात मुलानं कॉफी खाली ठेवली आणि तरातरा चालत ट्रेलरच्या मागे गेला. मला वाटलं, थांबवतोय. मी त्याला धरायला धावले. पण तो वडील उभे राहायचे त्याच जागी, तसेच पाय फाकून उभा राहिला, हातानं पंखा करायला लागला आणि जन्मभर इंग्रजीत उत्तरं दिलेल्या त्या तोंडातून असा खणखणीत आवाज निघाला की मी जागच्या जागी थांबले.

"येऊ दे... येऊ दे... येऊ दे..."

ट्रेलर गचकन थांबला. काच खाली आली. काकूंचं डोकं बाहेर.

"कोण ओरडतंय तिकडे?"

"मी, आई."

"टेस्ट चालू आहे. मदत घेतली तर मी फेल."

"यू ऑलरेडी पास्ड, आई. मेलबॉक्स पार केलास ना. टेस्ट संपली." त्यानं पुन्हा हात वर केला. "आता नुसतं येऊ दे."

काकूंनी आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग दार उघडलं आणि त्या उतरल्या. मागे गेल्या. ट्रेलरकडे बघितलंच नाही. मुलासमोर उभं राहून, मान वर करून, त्याचा चेहरा नीट बघितला. बसचा ड्रायव्हरही हॉर्न विसरला.

"काय झालं?" तो म्हणाला. "भरोसा नाही?"

"आहे. पण बघितलं," काकू म्हणाल्या आणि परत शिडी चढून गेल्या.

"येऊ दे... येऊ दे... येऊ दे... बास!" आणि ट्रेलरच्या पाठीवर थाप पडली. ती मिरजेपर्यंत ऐकू गेली असणार.

विमानाची दोन्ही तिकिटं वाया गेली. घराचा ताबा देऊन काकू निघाल्या तेव्हा शेजारच्या सीटवर चिरंजीव बसले होते, मांडीवर होकायंत्र. मुक्कामाला देव फिरवायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. बेलव्ह्यूपर्यंत तो सोबत गेला. काकू त्याच्या ड्राइव्हवेत चार दिवस राहिल्या, रोज सकाळी बेल वाजवून कढीपत्ता मागितला, आणि डोंगराच्या पलीकडे निघून गेल्या. आता त्या स्टीलच्या दांड्यावर त्या घरातले लोक टॉवेल वाळत घालतात.

मी आता जर्सी सिटीत बाविसाव्या मजल्यावर राहते. ऑफिसात नवीन पोरं आली आणि 'माझं मीच तपासलंय' म्हणाली, की मी खुर्ची पुढे ओढते आणि सांगते: मी कुणाच्या बेसमेंटमध्ये राहिले आहे ते तुम्हाला माहीत नाही. मग अख्खी गोष्ट सांगते, बंब पाच करून.

मागच्या महिन्यात पार्सिपनीला कामासाठी गेले होते. जुन्या रस्त्यावरून गाडी नेली. घराला नवा रंग, अंगणात कुणाची तरी सायकल. ड्राइव्हवेच्या तोंडाशी तोच मेलबॉक्स होता. गाडीतून सरळच दिसत होता. मी वेग कमी केला तसा मागच्यानं हॉर्न दिला. मी गाडी थांबवली, उतरले, जवळ जाऊन त्याच्या खांबावर हात ठेवून हलवून बघितला.

तसूभरही कलला नव्हता.